फोन ज्याचा, बोट त्याचं

केरळात तिरुवनंतपुरम जिल्ह्यात पुल्लंपारा नावाची ग्रामपंचायत आहे. तिथल्या रोजगार हमीच्या मजुरांचे पैसे थेट बँक खात्यात जमा व्हायचे, पण जमा झाले का हे बघायला बँकेतच जावं लागायचं. कामावर खाडा करायचा, बसभाडं घालायचं, रांगेत उभं राहायचं आणि काउंटरवर विचारायचं. "अजून आले नाहीत" असं उत्तर मिळालं की त्या दिवसाची मजुरी बुडाली आणि पुन्हा एक हेलपाटा ठरला. ज्या माहितीसाठी हा सगळा खटाटोप, ती फोनवर मिनिटाभरात मिळू शकत होती.

हे पाहून पंचायतीने 2021 मध्ये ठरवलं, की ज्यांना फोन वापरता येत नाही अशांना शोधून काढायचं आणि ते असतील तिथे जाऊन शिकवायचं. घरोघर फिरून चार हजारांहून जास्त माणसं निघाली. मग कॉलेजची मुलं, कुटुंबश्रीच्या म्हणजे तिथल्या बचत गटांच्या बायका आणि इतर स्वयंसेवक घरी गेले, गटांच्या बैठकांना गेले, रोजगार हमीच्या कामावर जेवणाच्या सुट्टीत गेले. सप्टेंबर 2022 मध्ये पुल्लंपारा ही संपूर्ण डिजिटल साक्षर पंचायत म्हणून जाहीर झाली. पुढे राज्य सरकारने हाच नमुना उचलला आणि 'डिजी केरळम' सुरू केलं. 83 लाखांहून अधिक कुटुंबांचं सर्वेक्षण झालं, त्यातून जवळपास 22 लाख लोक निघाले, अडीच लाखांहून अधिक स्वयंसेवक कामाला लागले आणि 21 ऑगस्ट 2025 ला केरळ हे पूर्ण डिजिटल साक्षर राज्य असल्याची घोषणा झाली. शिकणाऱ्यांत नव्वदी ओलांडलेली हजारो माणसं होती.

अशा घोषणांकडे जपून पाहावं, कारण 'साक्षर' कुणाला म्हणायचं हे घोषणा करणाराच ठरवत असतो. तरीही या कामातल्या दोन गोष्टी मला फार मोलाच्या वाटतात. त्यांनी सुरुवात माणसाच्या अडलेल्या कामापासून केली. आणि वर्ग भरवून माणसांची वाट पाहत बसण्याऐवजी शिकवणारा शिकणाऱ्याच्या दारात गेला. गेल्या पंचवीस-तीस वर्षांत आपल्याकडे डिजिटल शिक्षणाच्या ज्या योजना आल्या, त्यातल्या कुठल्या मुरल्या आणि कुठल्या कागदावर राहिल्या, याचं उत्तर बहुतेक वेळा या दोन गोष्टींपाशीच येतं.

नेमकं काय यायला हवं?

'डिजिटल कौशल्य' हा शब्द इतका सैल वापरला जातो की त्यात व्हॉट्सॲपवर गुड मॉर्निंग पाठवण्यापासून प्रोग्रॅमिंगपर्यंत काहीही बसतं. त्याचे थर वेगळे करून पाहिले तर विषय सोपा होतो.

सगळ्यात खाली आहे यंत्राची ओळख. फोन चार्ज करणं, आवाज कमी-जास्त करणं, इंटरनेट चालू आहे का ते कळणं, मागे कसं यायचं, चुकून उघडलेलं कसं बंद करायचं. त्याच्यावर येतं स्वतःचं काम उरकणं: वीजबिल भरणं, सातबारा पाहणं, रेल्वेचं तिकीट काढणं, डिजिलॉकरमधून कागद काढून देणं. तिसरा थर पारख करण्याचा. समोरून आलेला मेसेज खरा की खोटा, हा माणूस माझ्याकडे माहिती का मागतोय, हे 'ॲलो' केलं तर नेमकी कशाला परवानगी दिली जाते. आणि चौथा थर स्वतः काही घडवण्याचा: अर्ज टाइप करणं, हिशेबाची शीट बनवणं, आपल्या पापड-लोणच्याचे फोटो काढून गिऱ्हाईक मिळवणं.

युरोपीय संघाने 2013 मध्ये डिजिटल क्षमतांची एक चौकट तयार केली. तिच्यातही माहिती हाताळणं, संवाद, निर्मिती, सुरक्षितता आणि अडचण सोडवणं असे पाच भाग आहेत. त्यातलं 'अडचण सोडवणं' मला सगळ्यात महत्त्वाचं वाटतं. ॲप दर महिन्याला बदलतं, बटणाची जागा हलते, रंग बदलतो. ज्याने पायऱ्या पाठ केल्या तो तिथेच अडकतो आणि ज्याला 'अडलं की काय करून बघायचं' हे शिकवलं तो पुढे जातो. आपल्या बहुतेक योजना मात्र पहिला थर आणि दुसऱ्याचा थोडा भाग इथवर येऊन थांबतात.

वारणेचा धडा

महाराष्ट्राने हे काम उशिरा सुरू केलं असं कुणी म्हणू नये. 1998 मध्ये कोल्हापूर आणि सांगली जिल्ह्यांतल्या वारणा खोऱ्यातल्या 70 गावांत 'वायर्ड व्हिलेज' प्रकल्प सुरू झाला. केंद्र सरकार, राज्य सरकार आणि वारणेचा सहकारी साखर कारखाना असे तिघे एकत्र आले होते. गावागावांत संगणकाची केंद्रं झाली. शेतकऱ्याने तिथे यावं, बाजारभाव बघावेत, शेतीचा सल्ला घ्यावा, सरकारी माहिती मिळवावी, असं ते मोठं स्वप्न होतं. ज्या काळात तालुक्याच्या गावीही संगणक सहज दिसत नव्हता, त्या काळातली ही गोष्ट आहे.

प्रत्यक्षात शेतकरी केंद्रावर यायचा तो मुख्यतः उसासाठी. माझा ऊस किती भरला, तोड कधी, खताची उचल किती. बाकीच्या सोयी फारशा वापरल्याच गेल्या नाहीत. पुढे 2006-07 च्या सुमारास मायक्रोसॉफ्टच्या संशोधकांनी तिथे एक प्रयोग केला. काही गावांत संगणकाऐवजी साध्या मोबाईलवरून एसएमएसने हीच उसाची माहिती द्यायला सुरुवात केली. काम तेच झालं, खर्च कमी आला आणि शेतकऱ्यांनाही ते सोयीचं पडलं.

कुणी म्हणेल की मग पहिला प्रकल्प फसला. मला तसं वाटत नाही. शेतकऱ्याला त्या यंत्राचा उपयोग कळला होता, फक्त तो त्याने स्वतःच्या गरजेपुरता ठेवला. माणूस तंत्रज्ञान शिकायला येत नाही, तो आपलं काम करायला येतो आणि त्या वाटेवर तंत्रज्ञान शिकतो. अभ्यासक्रम आखणाऱ्यांनी हे ध्यानात घेतलं असतं तर पुढच्या पुष्कळ योजनांतले 'संगणकाचा इतिहास' आणि 'इनपुट-आउटपुट उपकरणे' हे धडे केव्हाच मागे पडले असते.

एमएस-सीआयटीची पिढी

त्यानंतर 2001 मध्ये महाराष्ट्र ज्ञान महामंडळ, म्हणजे एमकेसीएल, स्थापन झालं आणि एमएस-सीआयटी आलं. याबद्दल मराठी वाचकाला वेगळं सांगायला नको. दहावीची परीक्षा संपली की सुट्टीत एमएस-सीआयटी, हा आपल्याकडे एक रिवाजच झाला. तालुक्याच्या बाजारपेठेत, चपलांच्या दुकानाच्या वरच्या मजल्यावर, एसटी स्टँडसमोर अशी हजारो केंद्रं उघडली आणि आजवर एक कोटीहून अधिक लोकांनी हा कोर्स केला. मराठीतून शिकण्याची सोय, ठिकठिकाणी केंद्र आणि परवडेल अशी फी, या तिन्हींमुळे गावाकडच्या मुलामुलींनी पहिल्यांदा माउस हातात धरला. या कोर्सला घोकंपट्टी म्हणून नाक मुरडणाऱ्यांनी तालुक्याच्या ठिकाणी 2003 साली दुसरा कुठला पर्याय होता ते सांगावं.

कोर्स इतका पसरला त्यामागे आणखी एक कारण होतं: सरकारी नोकरी. अनेक पदांसाठी हे प्रमाणपत्र लागू झालं आणि नोकरीत असलेल्यांनाही मुदतीत संगणक परीक्षा देणं भाग पडलं. पन्नाशी ओलांडलेल्या कर्मचाऱ्यांना मात्र त्यातून सूट मिळाली. सूट देण्यामागचा हेतू चांगलाच असणार. पण त्यातून नकळत एक समज पक्का झाला, की एका वयानंतर हे शिकायची गरज नाही किंवा ते जमणार नाही. पुढे हाच समज देशपातळीवरच्या योजनेतही दिसला.

सहा कोटी घरांची योजना आणि साठीची रेघ

फेब्रुवारी 2017 मध्ये केंद्राने प्रधानमंत्री ग्रामीण डिजिटल साक्षरता अभियान मंजूर केलं. ग्रामीण भागातल्या सहा कोटी कुटुंबांतल्या प्रत्येकी एका माणसाला शिकवायचं, 20 तासांचा कोर्स, शिकणाऱ्याला फी नाही. गावातल्या सामायिक सेवा केंद्रांसारख्या ठिकाणी वर्ग घ्यायचे, शेवटी आधार पडताळणी करून ऑनलाइन परीक्षा द्यायची आणि उमेदवार पास झाला की केंद्राला 300 रुपये मिळायचे. मुदती वाढत वाढत योजना 31 मार्च 2024 ला संपली. तोवर 6 कोटी 39 लाख लोकांचं प्रशिक्षण झालं आणि 4 कोटी 78 लाख लोकांना प्रमाणपत्र मिळालं.

आकडा प्रचंड आहे आणि त्यामागे हजारो केंद्रचालकांची मेहनत आहे. तरी योजनेची रचना नीट पाहायला हवी, कारण तिथेच शिकण्यासारखं आहे.

पहिली बाब 'एका कुटुंबातून एक'. कल्पना अशी, की एक जण शिकला की तो घरच्यांना शिकवेल. घरात निवड करायची वेळ आली तर कॉलेजात जाणारा मुलगा नाव नोंदवतो, हे आपल्याला ठाऊक आहे. ज्याला आधीच निम्मं येतं त्याला प्रमाणपत्र मिळतं आणि आई होती तिथेच राहते. दुसरी बाब वयाची: पात्रता 14 ते 60 वर्षं. ज्या वयात पेन्शन, हयातीचा दाखला, दवाखान्याची नोंदणी, परगावच्या मुलांशी व्हिडिओ कॉल या सगळ्यासाठी फोन लागायला लागतो, नेमकं तिथे दार बंद. तिसरी बाब पैशांची. केंद्राला पैसे मिळायचे परीक्षा पास झाल्यावर. मग साहजिकच सगळं लक्ष परीक्षेकडे जातं. सहा महिन्यांनी त्या माणसाने स्वतः एखादं बिल भरलं का, हे विचारण्याची सोयच रचनेत नव्हती.

सध्या चालू असलेल्या 'उल्लास' या नवभारत साक्षरता कार्यक्रमात यातल्या काही गोष्टी सुधारल्या आहेत. 2022 ते 2027 असा तो कार्यक्रम आहे, 15 वर्षांपुढच्या कुणालाही त्यात शिकता येतं आणि वरची वयोमर्यादा नाही. अक्षर आणि अंक ओळखीबरोबर जीवनकौशल्यांत डिजिटल साक्षरताही आहे. शिकवणारे स्वयंसेवक असतात. आपल्या गावात शाळेमार्फत हा कार्यक्रम चालू असेल, तर त्यात फोनचा भाग खरोखर घेतला जातो का, हे ग्रामसभेत विचारण्यासारखं आहे.

काम करून देणं आणि काम शिकवणं

आता ज्या मुद्द्यासाठी हा लेख लिहायला घेतला तो.

सेतू केंद्र, महा-ई-सेवा केंद्र, 'आपले सरकार' सेवा केंद्र, नेटकॅफे, शेजारचा अकरावीतला मुलगा. हे सगळे आपल्यासाठी फॉर्म भरून देतात. त्यांच्याशिवाय महाराष्ट्रातलं निम्मं सरकारी काम ठप्प होईल. पण ही सेवा झाली. या व्यवहारात काउंटरच्या अलीकडे उभ्या असलेल्या माणसाला काहीही शिकायला मिळत नाही. तो आधार कार्ड आणि पन्नास-शंभर रुपये देतो, ओटीपी सांगतो, पावती घेतो. पुढच्या वेळी पुन्हा तोच हेलपाटा. सरकारच्या नोंदीत मात्र हा अर्ज 'ऑनलाइन आलेला' असतो आणि त्यावरून लोक डिजिटल झाल्याचा हिशेब मांडला जातो.

ई-पीक पाहणीचं उदाहरण घ्या. 15 ऑगस्ट 2021 पासून राज्यभर शेतकऱ्याने स्वतःच आपल्या पिकाची नोंद सातबाऱ्यावर करायची, अशी व्यवस्था आली. आधी हे काम तलाठी करायचे आणि शेतात न जाता नोंदी होतात, ही जुनी तक्रार होती. आता शेतात उभं राहून ॲपमध्ये गट क्रमांक निवडायचा, पीक आणि क्षेत्र भरायचं, फोटो काढायचा. फोटोबरोबर अक्षांश-रेखांश आपोआप जातात. विचार उत्तम. माझ्या पिकाची नोंद माझ्या हाताने. पण हे शिकवायची तयारी सगळीकडे सारखी नव्हती. रेंज नाही, सर्व्हर चालत नाही, मुलगा पुण्याला आणि फोन साधा. नोंद राहिली तर पीक विमा, पीक कर्ज, नुकसानभरपाई सगळीकडे अडचण. शेवटी राहिलेल्या नोंदी करायला गावोगाव सहायक नेमावे लागले. सहायक आला, नोंद झाली, सोय झाली. आता त्याच सहायकाला सांगता येणार नाही का, की फोन शेतकऱ्याच्याच हातात राहू द्या आणि तुम्ही शेजारी उभं राहून सांगा? एका शेतामागे दहा मिनिटं जास्त जातील. पण पुढच्या हंगामात निम्म्या नोंदी शेतकरी आपणच करतील.

2025 मध्ये लाडकी बहीण योजनेच्या ई-केवायसीला हेच चित्र दिसलं. आधी बाईच्या आधारवर ओटीपी, मग नवऱ्याच्या किंवा वडिलांच्या आधारवर ओटीपी. आधारला जोडलेला नंबर कुणाचा? बऱ्याचदा कधीच बंद पडलेल्या सिमचा, किंवा कामासाठी सुरतेला गेलेल्या नवऱ्याचा. आपल्या आधारला कोणता नंबर जोडलाय हे माहीत असणं आणि तो नंबर चालू ठेवणं, हे आजच्या घडीचं पहिलं डिजिटल कौशल्य आहे. ते मी कुठल्याही अभ्यासक्रमाच्या पहिल्या पानावर टाकेन.

साठीनंतरचं बोट

ज्येष्ठांना फोन शिकवताना जे दिसतं ते जवळून सांगते, कारण इथे चुका शिकवणाऱ्याच्या होतात आणि दोष वयाला दिला जातो.

ओटीपीचं पाहा. आजी रक्कम भरतात, पुढे जातात, पडद्यावर सहा रिकामे चौकोन येतात. तेवढ्यात वरून मेसेजची पट्टी सरकत खाली येते आणि आकडे वाचेपर्यंत निघून जाते. आजी मेसेज उघडायला जातात. सहा आकडे बघतात, मनात घोकतात. आता परत कसं यायचं? त्या बँकेचं ॲप नव्याने उघडतात, ते पहिल्या पानापासून सुरू होतं, जुना ओटीपी गेला. तिसऱ्या वेळी मुलगा म्हणतो, "दे इकडे." इथे आजींची स्मरणशक्ती कमी पडलेली नाही. दोन ॲपमध्ये मागे-पुढे कसं जायचं, उघडलेली ॲप्स एका ठिकाणी कशी दिसतात, हे त्यांना कुणी कधी दाखवलंच नाही. ओटीपीच्या आधी तेवढं एकच दहा वेळा करून घेतलं की पुढचं जमतं.

दुसरं, दाबणं. टीव्हीचा रिमोट आणि मिक्सरचं बटण वापरलेला हात जोर देऊन दाबतो आणि बोट टेकवून ठेवतो. फोनला ते 'दाबून धरलं' असं कळतं, मग भलताच मेनू उघडतो किंवा आयकॉन जागेवरून हलतो. त्यावर उपाय आहे. बहुतेक अँड्रॉइड फोनमध्ये सेटिंग्जमधल्या ॲक्सेसिबिलिटीत जाऊन, किती वेळ बोट ठेवलं तर ते दाबून धरलेलं समजायचं, ती वेळ वाढवता येते. अक्षरं मोठी करता येतात, फोनची भाषा मराठी करता येते, कीबोर्डवरच्या माइकवर बोलून मराठीत लिहिता येतं. हे चार बदल पहिल्या दिवशी पाच मिनिटांत करून द्यावेत. उतारवयात त्वचा कोरडी होते आणि पडदा स्पर्श कमी ओळखतो, म्हणून "नीट दाबा ना" असं म्हणण्याआधी हात किंचित ओलसर पुसून पाहावा.

आणि भीती. "काही बिघडलं तर? पैसे गेले तर?" ही भीती अडाणीपणाची नाही. ज्या पिढीने एकेक रुपया जपून संसार केला तिची ती सावध सवय आहे आणि पैशांच्या बाबतीत ती योग्यच आहे. तिला हसू नये. काय दाबलं तर काहीच बिघडत नाही आणि काय दाबण्याआधी थांबायचं, याची स्पष्ट विभागणी करून द्यावी. फोटो, कॅमेरा, यूट्यूब, गजर, टॉर्च इथे हवं ते दाबा. पिन मागितला की थांबा.

मुलांना तर सगळं येतं, हो ना?

हा समज आता सोडायला हवा. 'असर' या ग्रामीण शिक्षणाच्या 2024 च्या पाहणीत 14 ते 16 वयोगटातली 82 टक्के मुलं स्मार्टफोन वापरता येतो म्हणाली. त्यांपैकी आधीच्या आठवड्यात फोनचा अभ्यासासाठी उपयोग केलेली मुलं 57 टक्के होती, सोशल मीडिया वापरलेली 76 टक्के. सोशल मीडिया वापरणाऱ्यांतही एखाद्याला ब्लॉक कसं करायचं किंवा तक्रार कशी करायची, हे जेमतेम 62 टक्क्यांना माहीत होतं.

रीळ झरझर सरकवणारी तीच मुलं स्पर्धा परीक्षेचा फॉर्म भरताना अडतात. फोटो 50 केबीच्या आत हवा, सही वेगळी स्कॅन करून हवी, दाखला पीडीएफमध्ये हवा. मग नेटकॅफेत जाऊन फोटो 'लहान करून' घेतला जातो, ईमेलही तिथलाच मुलगा काढून देतो आणि पासवर्ड त्याच्याच वहीत राहतो. पुढे मुलाखतीचा मेल येतो तेव्हा तो उघडता येत नाही. यंत्र हातात आहे, पण चारपैकी तिसरा आणि चौथा थर कोरा आहे. शाळेतल्या संगणकखोलीचं कुलूप काढून आठवीच्या मुलांकडून एक अर्ज टाइप करून घेणं, तो पीडीएफ करून मेलने पाठवायला लावणं, एवढं केलं तरी मोठं काम होईल.

मुलींचा प्रश्न वेगळाच आहे. 'असर'च्या 2023 च्या पाहणीत स्मार्टफोन वापरू शकणाऱ्या 14 ते 18 वयाच्या मुलांपैकी 43.7 टक्क्यांकडे स्वतःचा फोन होता आणि मुलींपैकी 19.8 टक्क्यांकडे. फोन दादाचा असेल तर सराव कधी करायचा? 2015 मध्ये गूगल आणि टाटा ट्रस्ट्सने सुरू केलेल्या 'इंटरनेट साथी' उपक्रमाने यावर एक चांगली वाट काढली होती. गावातलीच बाई टॅबलेट आणि फोन घेऊन सायकलवरून दारोदार जायची आणि बायकांना त्यांच्या अंगणात शिकवायची. पुरुष प्रशिक्षकाकडे न पाठवणारं घर तिला मात्र आत बोलवायचं. असा उपक्रम काही वर्षांनी संपतो, तेव्हा ती साथी मात्र गावातच असते. तिला ग्रामपंचायतीने पुढे कामाला का लावू नये?

भाषा

अंगणवाडी सेविकांना 2021 मध्ये 'पोषण ट्रॅकर' ॲपवर नोंदी करायला सांगितलं गेलं. ॲप इंग्रजीत, फोन जुने, तापणारे, मधेच अडकणारे. त्या वर्षी ऑगस्टमध्ये राज्यभरातल्या सेविकांनी सरकारने दिलेले फोन परत केले आणि मराठीच्या मागणीसाठी प्रकरण उच्च न्यायालयापर्यंत गेलं. तेव्हा काही जणांनी 'यांना शिकायचंच नाही' असा सूर लावला होता. वर्षानुवर्षं डझनभर रजिस्टरं चोख ठेवणाऱ्या बायकांबद्दल हे बोलणं अन्यायाचं होतं. आपल्याला समजेल अशा भाषेत साधन मागणं हा कामचुकारपणा कसा? माणसाला प्रशिक्षण देण्याआधी ॲप माणसाच्या भाषेत आणणं स्वस्त पडतं आणि न्याय्यही आहे.

सावधगिरी पहिल्याच दिवशी

पूर्वी सुरक्षिततेचा धडा शेवटी यायचा. आता तो पैशांच्या व्यवहाराच्या आधी यायला हवा, कारण नवशिका माणूसच भामट्यांचं पहिलं सावज असतो. शिकवायचं थोडं, पण पक्कं. यूपीआयचा पिन पैसे पाठवताना किंवा खात्यातली शिल्लक बघताना लागतो, पैसे येण्यासाठी कधीच लागत नाही. कुणी "पैसे पाठवतो, पिन टाका" म्हणालं की फोन बंद करायचा. व्हॉट्सॲपवर लग्नपत्रिका किंवा दंडाचं चलन म्हणून आलेली एपीके फाइल, म्हणजे फोनमध्ये ॲप बसवणारी फाइल, उघडायची नाही. 'डिजिटल अरेस्ट' नावाची कोणतीही गोष्ट कायद्यात नाही, व्हिडिओ कॉलवर कुणीही कुणाला अटक करू शकत नाही. स्क्रीन दाखवायला लावणारं ॲप घेऊ नका. आणि पैसे गेलेच तर लाजत बसू नका, लगेच 1930 ला फोन करा. जितक्या लवकर तक्रार, तितकी रक्कम वाटेत अडवली जाण्याची शक्यता जास्त. यातलं लाजेचं सगळ्यात जास्त आडवं येतं. घरचे रागावतील म्हणून कितीतरी जण दोन-दोन दिवस गप्प राहतात. म्हणून हा धडा आजीआजोबांसोबत त्यांच्या मुला-सुनांनाही द्यावा.

आपल्याकडे सुरू करायचं तर

मोठ्या योजनेची वाट पाहायची गरज नाही. ज्येष्ठ नागरिक संघ, बचत गट, वाचनालय, सोसायटीचं ऑफिस, मंदिराचा सभामंडप, कुठेही चालतं. जागेपेक्षा वार आणि वेळ ठरलेली असणं जास्त महत्त्वाचं, कारण अडचण मंगळवारी येते आणि ती शनिवारी कुणाला तरी दाखवता येईल हा भरवसा असेल तरच माणूस मंगळवारी स्वतः करून बघतो. एकदाच घेतलेल्या दिवसभराच्या शिबिरातून हे साधत नाही. शिबिरात चहा-नाश्ता आणि फोटो चांगले होतात.

शिकवायला कॉलेजच्या राष्ट्रीय सेवा योजनेची मुलं उत्तम. त्यांना फक्त एक नियम घालायचा: समोरच्याच्या फोनला हात लावायचा नाही. तोंडाने सांगा, आपल्या फोनवर करून दाखवा, पण त्याच्या पडद्यावर बोट त्याचंच. पहिल्या दिवशी मुलांना हे फार जड जातं, हात आपोआप पुढे येतो. एका माणसाला एका बैठकीत एकच काम द्यावं आणि ते त्याच्याकडूनच विचारून घ्यावं. कुणाला नातवाला व्हिडिओ कॉल करायचा असतो, कुणाला भजनं शोधायची असतात, कुणाला गॅस सिलिंडर नोंदवायचा असतो. काम जमलं की त्याच बैठकीत आणखी दोनदा करून घ्यावं. पायऱ्या मोठ्या अक्षरात वहीत लिहाव्यात, आणि त्या शिकणाऱ्याने स्वतःच्या शब्दांत लिहाव्यात. 'हिरवं गोल दाबणे' असं त्यांनी लिहिलं तर ते तसंच राहू द्यावं. ज्यांच्याकडे साधा बटणाचा फोन आहे त्यांनाही परत पाठवू नये. 2022 पासून साध्या फोनवरूनही कॉल करून यूपीआयने पैसे पाठवण्याची सोय आहे.

आणि नोंद ठेवायचीच असेल तर किती जण आले याची ठेवू नका. दोन महिन्यांनी प्रत्येकाला एवढंच विचारा, की या आठवड्यात कुणाचीही मदत न घेता फोनवर कुठलं काम केलंत? उत्तर मिळेल ते त्याच्या नावापुढे लिहा, आणि ज्यांच्या नावापुढची जागा रिकामी राहील त्यांच्या घरी पुढच्या शनिवारी कुणीतरी जाऊन या.